ज्योतीला हवा हवी, वारा नको

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा एखाद्या नव्या औषधाविषयी किंवा शस्त्रक्रियेविषयी लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु असे विषय आपल्यातील अधिकारी मंडळी माझ्यापेक्षा उत्तम रीतीने मांडतात. मी कोगनोळीसारख्या सीमेवरच्या गावात व्यवसाय करणारा साधा डॉक्टर. माझ्याकडे येणारे प्रश्नही गावाच्या हवेपाण्यातून उगवलेले असतात. म्हणून वरवर पाहता वैद्यकशास्त्राशी काडीचाही संबंध नसलेला एक विषय मी निवडला आहे. तो विषय म्हणजे आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या गॅस गिझरची वाऱ्याने विझणारी ज्योत.

कोगनोळी सर्वांच्याच परिचयाचे आहे. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक चार आणि आताचा अठ्ठेचाळीस, कागल सोडून दूधगंगा ओलांडतो आणि कर्नाटकात शिरतो, तेथे आमचा टोलनाका लागतो. प्रवाशाला एवढीच ओळख पुरते. परंतु येथे राहणाऱ्याला आणखी एक ओळख असते, ती वाऱ्याची. मृगाचे ढग आले की पश्चिमेकडून जो वारा सुटतो, तो श्रावण सरेपर्यंत थांबत नाही. ऊस आडवा होतो, पत्रे थडथडतात, कडी न लावलेले दार रात्रभर आपटत राहते. अशा दिवसांत रानातल्या वस्तीवरच्या रुग्णांशी आजाराचे बोलणे संपले की उंबऱ्यापाशी एक तक्रार हटकून कानांवर येते, ‘डॉक्टरसाहेब, वाऱ्यानं गिझर टिकंना झालाय बघा.’

ही तक्रार गिझर दुरुस्त करणाऱ्या कारागिराची, असे म्हणून आपण ती सोडून देऊ शकतो. परंतु माझे म्हणणे असे आहे, की ही तक्रार आपण सोडता कामा नये. कारण तिच्यावर घरोघर जो उपाय केला जातो, त्याचे परिणाम अखेर आपल्याच दवाखान्यात येतात.

बंबाकडून गिझरकडे

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तांब्याचा बंब आठवत असेल. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. नळीत बंबफोड, शेणी, चिपाडे, शेंगांची टरफले, जे हाताशी असेल ते टाकावे आणि वरून पाणी ओतत राहावे, की खालच्या तोटीतून कढत पाणी मिळे. बंबाला वाऱ्याचे भय नव्हते. उलट थोडा वारा असला तर तो अधिकच धडधडे. त्याचा विस्तव जाड, उभ्या नळीत दडलेला आणि निखाऱ्यांच्या बळावर टिकणारा. एखादी झुळूक ज्वाळा मोडून गेली, तरी निखारा ती पुन्हा उभी करी. धूर डोळ्यांत जाई, खोकला येई आणि मग माणूस आपोआप दार उघडून बाहेर पडे. धुराचा हा त्रास एका परीने राखणदारच होता.

पुढे सरपण महागले, विजेवरचे गिझर आले. परंतु भारनियमनाच्या वर्षांत पहाटे पाचला वीज असेलच, याचा भरवसा कोणालाच नव्हता. त्याच सुमारास स्वयंपाकाचा गॅस खेड्यांपर्यंत पोहोचला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो आणखी पुढे, वस्त्यांपर्यंत नेला. तोटी सोडली की आपोआप पेटणारा आणि मिनिटभरात ऊन पाणी देणारा गॅस गिझर मग बंबाच्या जागी येऊन बसला. सोय निःसंशय मोठी झाली. सुनेची पहाट धुरातून सुटली, हे मी डॉक्टर म्हणून मोठ्या समाधानाने नोंदवतो. परंतु बंब जेथे होता, त्याच मोरीत, त्याच बंद न्हाणीघरात गिझर टांगला गेला आणि तेथेच धोक्याची सुरुवात झाली.

ज्योत का विझते?

प्रथम यंत्राकडे पाहू. गिझर दोन प्रकारचे असतात. जुन्या प्रकारात एक बारीकशी ज्योत कायम तेवत असते. तिला पायलट म्हणतात. देवघरातल्या नंदादीपासारखे तिचे काम. मुख्य बर्नरला गॅस मिळताच तो या ज्योतीवर पेटतो. ही ज्योत विझली आणि गॅस मात्र वाहत राहिला, तर अनर्थ होईल. म्हणून तिच्या तोंडाशी थर्मोकपल नावाचा एक धातूचा काटा बसवलेला असतो. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की विद्युतदाब निर्माण होतो, हे योहान सेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवून दिले. त्याच तत्त्वावर हा काटा वीस-तीस मिलिव्होल्टचा दाब निर्माण करतो. एवढ्याशा दाबावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, काटा निवला, की अर्ध्याएक मिनिटात चुंबकाची पकड सुटते आणि झडप मिटते. पायलट पेटवताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावे लागते ते यासाठीच. चुंबकाला झडप उघडण्याचे बळ नसते, उघडलेली झडप धरून ठेवण्याचेच असते.

नव्या प्रकारात कायमची ज्योत नसते. पाण्याचा प्रवाह सुरू झाला की दोन सेलच्या बळावर ठिणगी पडते, बर्नर पेटतो आणि ज्वाळेत बुडालेली एक कांडी ज्वाळा आहे की नाही याची खबर देत राहते. खबर थांबली की गॅस बंद. प्रकार कोणताही असो, वाऱ्याने ज्योत हलली की यंत्र इमानेइतबारे गॅस तोडते. ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो पुष्कळदा पहारेकऱ्याचा चोखपणा असतो.

वाऱ्यापुढे ज्योत टिकत नाही याचे कारणही साधे आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात. हवेत मिसळलेल्या या वायूंत आग पुढे सरकते ती सेकंदाला जेमतेम चाळीस सेंटिमीटर वेगाने. आमच्याकडे आषाढात ताशी वीस किलोमीटरचा वारा म्हणजे रोजचाच. त्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे आगीच्या चालीच्या तेराचौदा पट होतो. ज्योत बर्नरच्या छिद्राला धरून असते. वाऱ्याचा सरळ झोत आला की तिची ती पकड सुटते. वारा नेहमी समोरूनच येतो असेही नाही. छपरावरून खाली कोसळणारा झोत धुराड्यातून उलटा आत येतो आणि तापलेल्या वायूंना परत बर्नरवर लोटतो.

विझण्याची दुसरी कारणेही ध्यानात ठेवावीत, म्हणजे सारा दोष वाऱ्यावर जाणार नाही. पायलटचे छिद्र काजळीने बुजते. काटा ज्योतीपासून सरकतो किंवा त्याचा पेच सैल होतो. सेल उतरतात. सिलिंडर संपत आला की दाब पडतो. आणि बरेच दिवस न वापरलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणून बसतो. स्वच्छ निळी, ताठ ज्योत ही निरोगी. पिवळी, लवलवणारी, काजळी धरणारी ज्योत आजारी समजावी. ही परीक्षा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

चाकांवरच्या घरांचा धडा

हा प्रश्न आपल्या वस्त्यांपुरताच आहे असे मात्र नव्हे. युरोप-अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायच्या घरांची जुनी प्रथा आहे. अशा घरात बिछाना, शेगडी आणि पाणी तापवण्याचा गॅसचा हीटर असतो. माळावर मुक्काम पडला आणि वारा सुटला की हीटरची पायलट ज्योत विझते, आणि घरधनी रात्री-बेरात्री काडेपेटी घेऊन बाहेर येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. तेव्हा अशी घरे उद्या आपल्या महामार्गावरून जाऊ लागली तर नवल नाही.

या फिरत्या घरांच्या रचनेतली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. तेथे हीटरचे तोंड घराच्या आत नसते. तो बाहेरच्या भिंतीत बसवलेला असतो. जाळीच्या झाकणातून तो बाहेरचीच हवा घेतो आणि जळके वायूही बाहेरच टाकतो. ज्योत विझली तर गैरसोय होते, पण आत झोपलेल्या माणसाच्या श्वासाशी त्या ज्योतीचा संबंध नसतो. वाऱ्यावरचा उपायही तसाच. गाडी अशी उभी करायची की हीटरची बाजू वाऱ्याच्या आड येईल. उत्पादकाने दिलेला पत्र्याचा पडदा असेल तर तो लावायचा, पण झाकणाची जाळी कापडाने किंवा फळीने कधीही बुजवायची नाही. ज्योत पुन्हा पेटवण्यापूर्वी बटण बंद करून किमान पाच मिनिटे थांबायचे आणि जमिनीलगत वास घेऊन पाहायचा. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि पाण्यासारखा सखल जागी साचतो.

खिडकीला मारलेला पत्रा

आपल्याकडे काय होते? गिझर न्हाणीघरात असतो. वारा खिडकीतून येतो. तेव्हा खिडकी बंद करणे, हा उपाय कोणालाही सुचेल असाच आहे.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. सकाळी साडेसातच्या सुमारास शेतातल्या वस्तीवरून एका महाविद्यालयीन मुलीला जीपमधून माझ्याकडे आणले. न्हाणीघरात पडल्याचा आवाज झाला, हाक मारली तर उत्तर नाही, कडी तोडून बाहेर काढले, असे वडील सांगत होते. मुलगी अर्धवट शुद्धीत होती, एकदा उलटी झाली होती, हातपाय झटकल्याचे आईने पाहिले होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा अठ्ठ्याण्णव. ‘हिला फिट येते काय?’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे उत्तर आले. तेव्हा मी विचारले, ‘पाणी कशावर तापवता?’ वडील म्हणाले, ‘गॅसच्या गिझरवर. वाऱ्यानं सारखा विझत होता, म्हणून परवाच खिडकीला पत्रा मारला बघा. तवापास्नं झकास चालतोय.’

निदान त्या शेवटच्या वाक्यात होते. मुलीला लगेच प्राणवायू लावला आणि तो न काढता मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्तातील कार्बन मोनॉक्साइडच्या तपासणीने शंका खरी ठरली. मुलगी बरी झाली. दोन दिवसांनी मी वस्तीवर गेलो, तेव्हा वडिलांनी पत्रा काढून अंगणात टाकला होता. ते त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, मी पोरीची सोय केली हो, दुसरं काय केलं?’ या प्रश्नावर काय बोलावे ते मला सुचले नाही. त्यांनी खरोखरच लेकीची सोय केली होती.

एक साधे गणित

त्या न्हाणीघरात काय घडले असेल, याचा हिशेब मांडून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर गिझर मिनिटाला सुमारे सोळा ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे वायुरूपात सातएक लिटर. प्रोपेनच्या एका घनफळाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे चोवीस घनफळे हवा लागते, ब्युटेनला एकतीस. याचा अर्थ गिझर मिनिटाला दोनशे लिटरांच्या आसपास हवा खातो. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा सहा हजार आठशे लिटर. खोली पूर्ण बंद आहे असे धरले, तर वीस मिनिटांत निम्म्याहून अधिक हवेतील प्राणवायू खर्ची पडतो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते. परंतु तितके पुढे जाण्याची गरजच पडत नाही. प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून थोडा खाली उतरला, की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरात एकापाठोपाठ एक आंघोळी होत असतील, तर शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. बहुधा ती घरातली बाई असते.

सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास, रंग वा धूर नाही. बंबाचा धूर माणसाला बाहेर काढी. हा वायू माणसाला निजवतो.

आपल्या शास्त्राचे बोलणे

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला धरून बसतो, हे फ्रान्समधील क्लॉद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखवले. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे ते अडीचशे पट अधिक आहे. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी पुरतो.

व्यवसायबंधूंनी चार गोष्टी मनाशी पक्क्या ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, साधा पल्स ऑक्सिमीटर येथे दिशाभूल करतो. प्रकाशाच्या दोन लहरींवर चालणाऱ्या या उपकरणाला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने बळकावलेले हिमोग्लोबिन यांतला भेद कळत नाही. आकडा चांगला दिसला म्हणून रुग्ण चांगला आहे, असे मानू नये. निश्चित निदानासाठी को-ऑक्सिमेट्रीची तपासणी लागते. ती मिळेपर्यंत उपचार थांबवू नयेत.

दुसरी, न्हाणीघरात झटका आलेला प्रत्येक रुग्ण अपस्माराचा नसतो. आपल्या कर्नाटकात ‘उष्णजल अपस्मार’ हा विकार सुपरिचित आहे. डोक्यावर कढत पाणी ओतताना झटका येतो. बेंगळुरूचे डॉ. के. एस. मणी यांनी त्याचे वर्णन केले आणि डॉ. पी. सतीशचंद्र व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे ज्ञान आपल्या प्रांताचे भूषण आहे. परंतु त्यामुळेच न्हाणीघरातला झटका दिसला की आपले मन त्याच दिशेने धावण्याचा संभव असतो. उष्णजल अपस्माराचा रुग्ण पाणी ओतताना झटका अनुभवतो. वायूने बाधलेला माणूस बहुधा आंघोळ बरीच पुढे गेल्यावर पडतो, त्याआधी डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. घरातल्या आणखी कोणाला तसाच त्रास झाला का, हे विचारावे. एकाला चुकून वर्षानुवर्षे अपस्माराच्या गोळ्या द्याव्यात आणि घरातला गिझर तसाच चालू राहावा, यापरते दुर्दैव नाही.

तिसरी, शुद्ध प्राणवायू हेच औषध. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास चार ते सहा तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून शंभर टक्के प्राणवायू दिला तर एक ते दीड तास. उच्चदाबाच्या कक्षात हा काळ आणखी घटून अर्ध्या तासाच्या आत येतो. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. गर्भाचे रक्त हा वायू अधिक घट्ट धरते आणि सावकाश सोडते. आईला बरे वाटले तरी बाळासाठी प्राणवायू आणखी काही तास चालू ठेवावा लागतो.

चौथी, घरी गेलेला रुग्ण पुन्हा बोलवावा. काही रुग्णांत शुद्ध आल्यानंतर दोन-चार दिवसांनी, तर कधी कित्येक आठवड्यांनी विस्मरण, मंदपणा, चालण्यातला अडखळा अशी लक्षणे दिसू लागतात. निदान दीड महिना तरी त्याच्यावर नजर असावी.

‘वारा लागेल’

या साऱ्याच्या मुळाशी मला आपल्या बोलण्यातला एक घोटाळा दिसतो. वारा आणि हवा या दोन वस्तू आपण एकच धरतो. बाळंतिणीच्या खोलीचेच उदाहरण घ्या. ‘वारा लागेल’ म्हणून खिडक्या बंद, फटींत चिंध्या आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. हेतू मायेचाच असतो. परंतु वाऱ्याबरोबर हवाही बाहेर राहते आणि निखाऱ्यांतून निघणारा तोच मुका वायू आई व तान्हे मूल यांच्या श्वासात जातो. गिझरच्या खिडकीवरचा पत्रा आणि बाळंतिणीच्या खिडकीतली चिंधी ही एकाच समजुतीची दोन रूपे आहेत. वारा म्हणजे हवेचा धक्का, आणि ज्योतीला काय किंवा माणसाला काय, तो नकोसा असतो. हवा मात्र दोघांनाही क्षणोक्षणी लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. तेथेही जागा निवाऱ्याची आहे, हवाबंद नव्हे.

कंदिलाने सोडवलेला प्रश्न

वारा अडवायचा आणि हवा मात्र येऊ द्यायची, हे जमते का? जमते, आणि त्याचा दाखला आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर धूळ खात पडला असेल. तो म्हणजे कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील हाती धरून आपल्या आधीच्या पिढीतील डॉक्टर पावसापाण्यात रुग्ण पाहायला जात. वादळातही तो विझत नसे. याचे श्रेय केवळ काचेला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या शोभेच्या नसतात. वरच्या टोपीखालून ताजी हवा त्या नळ्यांत शिरते, खाली उतरून वातीला मिळते आणि तापलेला वायू मधल्या वाटेने वर निघून जातो. हवा आत येण्याची वाट आणि वायू बाहेर जाण्याची वाट शेजारीशेजारी असल्यामुळे वाऱ्याचा झटका दोन्हींवर सारखाच बसतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहिला की मध्ये असलेली वात हलत नाही.

हेच तत्त्व वापरून बंदिस्त ज्वलनकक्षाचे गिझर बनवले जातात. त्यांत एकात एक बसवलेल्या दोन नळ्या बाहेरच्या भिंतीतून जातात, एकीतून हवा येते, दुसरीतून जळके वायू बाहेर पडतात. खोलीतल्या हवेला ते हात लावत नाहीत आणि वाऱ्यालाही पुरून उरतात. परदेशात ते सर्वत्र दिसतात. आपल्याकडे त्यांची किंमत अधिक पडते, म्हणून साध्या गिझरचाच विचार करणे भाग आहे.

घरोघर सांगावे असे

साध्या गिझरसाठी मी माझ्या रुग्णांना जे सांगतो, ते येथे देतो. गिझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, छपराखालच्या मोकळ्या सोप्यात किंवा पडवीत लावावा आणि ऊन पाणी नळीने आत न्यावे. नळीचे चार फूट वाढतील, एवढाच खर्च. आपल्या भागात जोराचा वारा पावसाळ्यात पश्चिमेकडून येतो. म्हणून गिझर घराच्या पूर्वेकडील भिंतीवर लावला तर घरच त्याचा आडोसा होते. तशी सोय नसेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा पडदा उभारावा. मात्र तो गिझरपासून हातभर दूर असावा आणि खालून, वरून व पुढून मोकळा असावा. आडोसा करावा, पेटी करू नये.

गिझर आतच असेल आणि हलवणे शक्य नसेल, तर जमिनीलगत एक आणि छताजवळ एक अशी दोन कायमची भोके भिंतीत ठेवावीत, त्यांना जाळी असावी, झडप नसावी. घरातील प्रत्येकाने बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी. या एका सवयीने बरेच काही साधते. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. वर्षातून एकदा, मृग लागण्यापूर्वी, जाणकार कारागिराकडून बर्नर, पायलट आणि सेल तपासून घ्यावेत. आणि ज्योत विझू नये म्हणून सुरक्षेचा काटा तारेने बांधून ठेवणाऱ्या हुशार मिस्त्रीला पुन्हा दारात उभे करू नये.

आपल्याकडून एवढे व्हावे

सन्माननीय सभासदांनो, आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने निपाणी, चिकोडी, कागल आणि बेळगावच्या परिसरात आहेत. काही रुग्ण आपल्याकडे मराठीत बोलतात, काही कानडीत. सीमेच्या अलीकडे असोत वा पलीकडे, पहाटे पाणी सारेच तापवतात आणि पावसाळी वारा दोन्हीकडे सारखाच वाहतो. आपल्या संघटनेने मृगाच्या आधी एक छोटे पत्रक दोन्ही भाषांत काढावे, गॅस वितरकांच्या दुकानांत आणि शाळांत ते लावावे, अशी माझी सूचना आहे. गिझर बसवणाऱ्या कारागिरांना एखाद्या सायंकाळी चहाला बोलावून त्यांच्याशी बोलावे. त्यांच्या हातात एक पाना असतो, पण भिंत कोणती निवडायची, हे ठरवून एक संसार वाचवणे त्यांना शक्य असते.

आणि प्रत्येकाने आपल्या तपासणीच्या टेबलावर एक प्रश्न लिहून ठेवावा. डोकेदुखी, चक्कर, सकाळची मळमळ, न्हाणीघरात आलेली मूर्च्छा अशी तक्रार घेऊन कोणी आले, की नाडी धरता धरताच विचारावे, ‘तुमच्याकडे आंघोळीचे पाणी कशावर तापते, आणि त्या खोलीची खिडकी उघडी असते का?’ या प्रश्नाला पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. येत्या पावसाळ्यात वारा सुटेल, ज्योती विझतील आणि कोणीतरी पुन्हा पत्रा शोधू लागेल. तो पत्रा खिडकीवर बसण्यापूर्वी आपला शब्द त्या घरी पोहोचावा, एवढीच अपेक्षा.